गोळी काढून घेतली तेव्हा कळलं: लुपस आणि मलेरियाच्या औषधाचं प्रकरण

लुपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराचं, निदान झालेल्या माणसाला पहिलं प्रिस्क्रिप्शन मिळतं, तो घरी येऊन गोळीचं नाव सर्च करतो आणि समोर येतं मलेरिया. मग पहिली शंका हीच की डॉक्टरांनी गडबडीत भलतंच काहीतरी लिहून दिलं की काय, कारण थंडी वाजून ताप नाही की काही नाही, दुखतायत ते सांधे आणि गालावर आलीय ती पुरळ. शंका रास्तच आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, पुढे मी सरळ एचसीक्यू लिहितो, हे मुळात परजीवी मारायचं औषध, आणि आज खास काही अडचण नसेल तर लुपसच्या प्रत्येक पेशंटला ते द्यावं असं गाइडलाइन्स सांगतात.

जुन्या औषधाला नवीन काम लावायचं, ज्याला सगळे रीपर्पजिंग म्हणतात, त्याची उदाहरणं द्यायची वेळ आली की लोक शोधाची गोष्ट सांगतात, कोणाच्या तरी लक्षात आलं आणि नशीब फळफळलं वगैरे. मला त्याच्या पुढचा भाग जास्त अवघड वाटतो. समजा औषध चाळीस वर्षं लोक घेतायत, डॉक्टर म्हणतायत गुण येतो, पेशंट म्हणतायत बरं वाटतं, तर ते खरंच काम करतंय हे आता ठरवायचं कसं? एचसीक्यूच्या बाबतीत ते ठरलं लोकांकडून गोळी काढून घेऊन. म्हणून हे सगळं प्रकरण मी १९९१ च्या एका छोट्याशा कॅनेडियन ट्रायलभोवती लिहितोय.

आधी मागची गोष्ट

१८९४ साली लंडनमध्ये पेन नावाच्या डॉक्टरांनी आपल्या एका लेक्चरमध्ये लुपसच्या चट्ट्यांवर क्विनीन, म्हणजे मलेरियाचं जुनं औषध, दिल्याचं सांगितलं होतं. ते तिथेच राहिलं. खरी गाडी पुढे सरकली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतलं आणि जगाला क्विनीन पुरवणारी सिंकोनाची झाडं नेमकी तिथेच, त्यामुळे दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला मलेरियासाठी दुसरं काहीतरी हवंच होतं. ते मिळालं मेपाक्रिनमध्ये, जर्मन केमिस्टांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेलं पिवळंजर्द औषध. लाखो सैनिकांना ते रोज गिळायला लावलं, महिनोन् महिने. कातडी पिवळी पडायची, पोट बिघडायचं, आणि गोळीने पुरुषत्व जातं अशी अफवा छावण्यांमध्ये पसरलेली, त्यामुळे कित्येक जण गोळी गुपचूप टाकून द्यायचे. पण त्या गर्दीत ज्यांना आधीपासून त्वचेचा लुपस किंवा सांधेदुखी होती त्यातल्या काहींना वेगळंच जाणवलं, चट्टे निवळायला लागले, सांधे हलके झाले.

१९५१ मध्ये पेज नावाच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लुपसच्या १८ पेशंटना मेपाक्रिन दिल्याचा रिपोर्ट छापला आणि बहुतेकांना चांगला फरक पडलेला होता. अठरा! आणि तुलनेला दुसरा गटच नाही. आजच्या हिशोबाने हा रिपोर्ट म्हणजे फार तर एक चांगला इशारा, पण तेवढ्यावर त्वचारोगवाले आणि सांध्यांचे डॉक्टर या औषधांकडे वळले. मग क्लोरोक्विन आलं. ते १९३४ लाच बायर या जर्मन कंपनीच्या लॅबमध्ये बनलं होतं, पण फारच विषारी आहे असं ठरवून बाजूला टाकलेलं, ते युद्धाच्या काळात परत उचललं गेलं. त्याच्या रेणूला एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटवली की होतं एचसीक्यू, जरा कमी विषारी. अमेरिकेत त्याला १९५५ मध्ये मान्यता मिळाली.

तिथून पुढची पस्तीस वर्षं औषध सवयीने चालू राहिलं. सगळे देतायत म्हणून देतायत.

प्रश्न नेमका काय होता

लुपसमध्ये प्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच पेशींच्या मागे लागते, विशेषतः पेशीच्या केंद्रकातल्या मालमसाल्यावर, म्हणजे डीएनए, आरएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिनं. त्यातून पुरळ, सांधे, किडनी, रक्ताच्या पेशी, कधी मेंदू, कुठेही त्रास होऊ शकतो. पण या आजाराची खरी खोड म्हणजे तो सरळ रेषेत वाढत नाही. सहा महिने शांत, मग अचानक भडका, ज्याला फ्लेअर म्हणतात, मग परत शांत. अशा आजारात औषधाची परीक्षा घेणं फार अवघड, कारण माणूस डॉक्टरकडे जातो तो भडका टिपेला असताना, तेव्हा गोळी सुरू होते आणि भडका तसाही ओसरणारच असतो. श्रेय गोळीला. पुढचे सहा महिने शांत गेले, श्रेय परत गोळीला. गोळीच्या जागी गुळाचा खडा दिला असता तरी काही जणांच्या बाबतीत हीच गोष्ट घडली असती.

मग सरळ ट्रायल घ्या, निम्म्यांना गोळी द्या निम्म्यांना नको, असं कोणी म्हणेल. पण जे औषध सगळे आधीच चांगलं मानतायत ते नव्याने आजारी पडलेल्या, त्रासात असलेल्या माणसाला नाकारायचं, हे पेशंटला पटवणं कठीण आणि डॉक्टरच्या स्वतःच्या मनाला पटवणं त्याहून कठीण.

कॅनडातल्या गटाने प्रश्न उलटा केला. जे आधीच एचसीक्यू घेतायत आणि ज्यांचा आजार सध्या शांत आहे असे लोक घ्यायचे, आणि चिठ्ठी टाकून काहींची गोळी चालू ठेवायची, काहींना अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यायची. कोणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. २४ आठवडे बघायचं, भडका कोणाला येतो आणि किती लवकर येतो.

एकूण माणसं ४७. खऱ्या गोळीवर २५, नकली गोळीवर २२.

आकडे, आणि आकड्यांच्या आत

२४ आठवड्यांत खऱ्या गोळीवरच्या २५ पैकी ९ जणांना फ्लेअर आला, म्हणजे ३६ टक्के. नकली गोळीवरच्या २२ पैकी १६ जणांना, म्हणजे ७३ टक्के. वेळेचा हिशोब धरून भडक्याचा धोका गोळी बंद केलेल्यांमध्ये अडीच पट निघाला. ३६ आणि ७३ मधला फरक ३७, म्हणजे साधारण दर तीन माणसांची गोळी चालू ठेवली की सहा महिन्यांत एकाचा भडका टळतो. औषधांच्या दुनियेत हा आकडा भारीच आहे, पुष्कळ नावाजलेल्या औषधांना एकाचा फायदा दाखवायला पन्नास-शंभर माणसं लागतात.

पण थांबा, अडीच पट या आकड्याच्या आजूबाजूची अनिश्चितता १.०८ पासून ५.५८ पर्यंत पसरलेली होती. एक पट म्हणजे फरकच नाही, आणि खालचं टोक त्या एकाला जेमतेम ओलांडून गेलंय. दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली असती तर निकाल ठामपणे सांगता आला नसता. आणि ट्रायलमधून बाहेर काढावं लागलं इतका गंभीर भडका खऱ्या गोळीवर १ आणि नकलीवर ५ जणांना आला, धोका ६.१ पट, ऐकायला जबरदस्त, पण त्याची रेंज ०.७२ ते ५२ च्या वर. म्हणजे काहीही असू शकतं. मी हा आकडा कोणाला सांगताना ही रेंज सांगितल्याशिवाय राहत नाही, कारण नुसतं सहा पट म्हटलं की समोरचा तेवढंच घेऊन घरी जातो.

दुसरी गोष्ट जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ट्रायलमध्ये आलेले सगळे आधीच औषध सोसलेले आणि त्यावर स्थिरावलेले लोक होते. ज्यांना सुरुवातीलाच मळमळ झाली, अंगावर उठलं, किंवा गुणच आला नाही, ते केव्हाच गाळले गेले होते. त्यामुळे ट्रायलने उत्तर दिलं ते एवढ्याच प्रश्नाचं, की ज्याला चालतंय त्याचं बंद केलं तर काय होतं. नव्या पेशंटला किती गुण येईल हे ती सांगत नाही, सांगायचा दावाही करत नाही. काढून घेऊन बघायच्या ट्रायलची ही अंगभूत मर्यादा आहे आणि लोक ती हमखास विसरतात.

तिसरी गोष्ट उलट दिशेची, म्हणजे निकाल होता त्यापेक्षा कमी दिसला असावा अशी. एचसीक्यू शरीरातून निम्मं व्हायला साधारण ४० दिवस लागतात. आता हिशोब करा. नकली गोळी सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात त्या माणसाच्या अंगात निम्मं औषध अजून शिल्लक आहे, बाराव्या आठवड्यात पाव, आणि २४ आठवडे संपताना कुठे पाच टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे नकली गोळीचा गट पहिले दोन-तीन महिने खरं तर अर्धवट औषधावरच होता आणि तरीही त्यांच्यातल्या १६ जणांना भडका आला. शांत आजार, हळूहळू उतरणारं औषध, छोटासा गट, एवढं सगळं विरोधात असूनही फरक दिसला. म्हणून ४७ माणसांच्या या ट्रायलवर माझा भरवसा तिच्या आकारापेक्षा जास्त आहे.

याच लोकांना पुढे साधारण साडेतीन वर्षं बघितलं तेव्हा मोठे भडके एचसीक्यूच्या बाजूला ५७ टक्क्यांनी कमी दिसले, पण संख्या इतकी लहान की तोही फरक पक्का म्हणता आला नाही.

एकच खोड, दोन ठिकाणी कामाला

परजीवी मारणारं औषध स्वतःवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीला कसं काय शांत करतं, हे कोडं बरीच वर्षं होतं, आणि उत्तर सुंदर आहे. एचसीक्यू रासायनिक दृष्ट्या सौम्य अल्कली. ते पेशीत सहज शिरतं, पेशीतल्या आंबट पिशव्यांमध्ये गेलं की तिथले प्रोटॉन त्याला चिकटतात आणि मग त्याला बाहेर येता येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखं, आत जायची वाट आहे, परतीची नाही. पिशवीत औषध साठत जातं आणि तिथला आंबटपणा कमी होतो.

मलेरियाच्या परजीवीची अशी एक आंबट पिशवी असते, तिच्यात तो आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन पचवतो. पचवताना हीम नावाचा विषारी भाग उरतो, त्याचे स्फटिक करून तो स्वतःला वाचवतो. औषध तिथे साठलं की स्फटिक बनायचं थांबतं आणि परजीवी आपल्याच जेवणाच्या विषाने मरतो.

आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्येही अशा आंबट पिशव्या असतात आणि त्यांच्या भिंतीवर टीएलआर ७ आणि टीएलआर ९ नावाचे पहारेकरी बसलेले असतात. सातवा आरएनए ओळखतो, नववा डीएनए, व्हायरस-बॅक्टेरिया आत आले तर बोंब मारायला. लुपसमध्ये स्वतःचाच डीएनए-आरएनए अँटीबॉडीच्या गाठोड्यात बांधून या पिशव्यांमध्ये येऊन पडतो, पहारेकरी बोंब मारतात, इंटरफेरॉन या धोक्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनाचा पूर येतो आणि आग भडकत राहते. पिशवीचा आंबटपणा गेला की पहारेकऱ्यांचं काम मंदावतं, शिवाय हे औषध डीएनए-आरएनएला स्वतःच चिकटून त्यांना झाकतं असंही लॅबमध्ये दिसलंय. म्हणजे औषधाची खोड तीच, आंबट पिशवीत जाऊन अडकायचं, एकीकडे त्याने परजीवी मरतो आणि दुसरीकडे खोटी बोंब थांबते.

पण म्हणून कुठलंही परजीवीविरोधी औषध उचललं आणि लुपसला लावलं असं होत नाही. लेव्हामिसोल बघा, जंतांचं औषध, प्रतिकारशक्तीवर परिणाम करतं म्हणून कितीतरी आजारांत वापरून पाहिलं आणि त्याने काही लोकांच्या पांढऱ्या पेशीच धोकादायकरीत्या खाली गेल्या, शिवाय कोकेनमध्ये भेसळ म्हणून ते शिरलं तेव्हा रक्तवाहिन्यांची सूज आणि कातडी काळी पडणं असे प्रकार झाले, रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टरला लुपसच वाटावा असे. आर्टेमिसिनिन या मलेरियाच्याच दुसऱ्या औषधाच्या कुळातल्या औषधांची, ज्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं, चीनमध्ये लुपसवर चाचणी सुरू झाली. मेपाक्रिन अजूनही अधूनमधून एचसीक्यूच्या जोडीला त्वचेच्या हट्टी लुपससाठी वापरतात, पिवळेपणासकट.

दुसऱ्यांदा काढून घेतली, यावेळी न विचारता

२०२० च्या मार्चमध्ये एचसीक्यू एकदम जगाच्या तोंडी आलं. लॅबमधल्या पेशींवर व्हायरस थोपला म्हणे, एका-दोन कच्च्या अभ्यासांत बरं दिसलं म्हणे, आणि २८ मार्चला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, कोविडसाठी तातडीची परवानगी दिली. लोकांनी दुकानं रिकामी केली. जे लुपसवाले वर्षानुवर्षं दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट निमूट घेत होते त्यांना केमिस्ट म्हणाला स्टॉक नाही, आणि त्यांनी उरलेल्या गोळ्या दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. १९९१ च्या ट्रायलमध्ये ज्यांची गोळी काढली त्यांची आधी संमती घेतली होती, भडका आला तर बघायला डॉक्टर बसले होते. इथे काहीच नाही.

आणि ज्यासाठी हे केलं ते निघालंच नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये एचसीक्यू दिलेल्या १५६१ आणि नेहमीचे उपचार दिलेल्या ३१५५ कोविड पेशंटची तुलना झाली, २८ दिवसांत मृत्यू २७ टक्के विरुद्ध २५ टक्के, फायदा शून्य. १५ जूनला एफडीएने परवानगी मागे घेतली. खरं तर सोपी खूण आधीच समोर होती, एचसीक्यू रोज घेणाऱ्या लुपसच्या लोकांनाही कोविड होत होता, गंभीरसुद्धा. मला राग येतो तो याचा की रीपर्पजिंगचं हे औषध लुपसमध्ये चाळीस वर्षं थांबून, ४७ माणसांची का होईना, नीट ट्रायल होऊन पक्कं झालं, आणि त्याच गोळीच्या बाबतीत तीन आठवड्यांचा धीर कोणाला निघाला नाही.

स्वतःहून बंद करणारे

काढून घ्यायचा तिसरा प्रकार रोजचा आहे. पेशंट स्वतःच थांबवतो. कारण समजण्यासारखं आहे, गोळीचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, चुकवली तर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, महिनाभर चुकवली तरी बहुधा काही होत नाही (त्या ४० दिवसांमुळे), म्हणून वाटतं की उगाच घेत होतो. मग चार महिन्यांनी सांधे आखडतात आणि गोळीशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. इथे रक्तातली पातळी मोजायचा उपयोग होतो. पातळी अगदीच तळाला असेल, साधारण दर मिलीलीटरला २०० नॅनोग्रॅमच्या खाली, तर गोळी पोटात जातच नाहीये असा अर्थ निघतो, आणि ओरडण्यापेक्षा का जात नाहीये हे विचारायला डॉक्टरला जागा मिळते. नाहीतर होतं काय, औषध लागू पडत नाही असं समजून वर आणखी कडक औषध चढवलं जातं.

डोळे

चौथा प्रकार सगळ्यात अवघड, डोळ्यांसाठी बंद करणं. हे औषध रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, साठतं आणि वर्षानुवर्षांनी मधल्या नजरेभोवती कडं पडू शकतं, वाचताना अक्षरं गायब व्हायला लागतात. गेलेली नजर परत येत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या २३६१ पेशंटच्या अभ्यासातून कळलं की रोजचा डोस खऱ्या वजनाच्या किलोमागे ५ मिलीग्रॅमच्या आत ठेवला तर पहिल्या ५ वर्षांत धोका १ टक्क्याच्या खाली, १० वर्षांपर्यंत २ टक्क्यांच्या खाली, पण २० वर्षांनंतर जवळजवळ २० टक्के. किडनी कमजोर असेल किंवा टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून सुरुवातीला एकदा डोळे तपासायचे, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, ओसीटी स्कॅन (रेटिनाचे थर दाखवणारा) आणि नजरेच्या फील्डची टेस्ट. आता ५० किलोच्या माणसाचा हिशोब करा, जास्तीत जास्त २५० मिलीग्रॅम रोज, आणि गोळी येते २०० ची. मग आठवड्याला ८ गोळ्या, रोज एक आणि एका ठरलेल्या वारी दोन. सरसकट रोज दोन लिहिल्या तर किलोमागे ८ होतात, आणि अशी प्रिस्क्रिप्शनं दिसतात.

मग वीस वर्षं घेतलेल्या, आजार शांत असलेल्या माणसाने काय करायचं? २० टक्के ऐकून गोळी फेकावीशी वाटते. पण तो एकूण जमा झालेला धोका आहे, वीस वर्षांनंतरही ज्याची रेटिना स्वच्छ आहे त्याला पुढच्या एका वर्षात त्रास सुरू व्हायची शक्यता साधारण ४ टक्के धरतात, आणि स्कॅनमध्ये तो नजरेला जाणवायच्या आधी पकडता येतो. दुसऱ्या पारड्यात भडका. २०२२ मध्ये अनेक देशांतल्या १४६० लुपस पेशंटचा अभ्यास आला, त्यात गोळी पूर्ण बंद केलेल्यांमध्ये भडक्याचा धोका चालू ठेवलेल्यांपेक्षा १.५६ पट होता आणि नुसता डोस कमी केलेल्यांमध्ये १.२ पट. चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास नाही हा, त्यामुळे डॉक्टरांनी कोणाची बंद केली आणि का, हे त्यात मिसळलेलं आहे, पण दिशा १९९१ चीच. बंद करणं आणि कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून मला सगळ्यात कामाचं वाटलं, कारण स्वच्छ स्कॅन घेऊन आलेल्या माणसाशी बोलताना बहुतेक वेळा चर्चा एवढीच उरते की आठवड्याच्या ८ गोळ्यांच्या ७ करायच्या का, आणि पुढचा स्कॅन बारा महिन्यांनी की सहा.